जुने कपडे घेऊ, पण निवडून घेऊ

(पेठ तालुक्यातील बचत गटांच्या महासंघाच्या सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सभेपुढे एक नवा विषय आहे. महासंघाच्या पेठमधल्या खोलीत जुन्या कपड्यांचं दुकान सुरू करायचं का? शहरातून वापरता येतील असे कपडे आणायचे, थोडी किंमत ठेवून विकायचे आणि येईल तो पैसा संघाच्या खात्यात जमा करायचा. काही ग्रामसंघांनी तसा ठराव पाठवला आहे. मी वयानं तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या लेकीएवढी आहे, पण या विषयावर माझं मत पक्कं आहे म्हणून बोलते. दुकान जरूर काढू. फक्त ते दुकान राहणार की शहराच्या कचऱ्याचं गोदाम होणार, हे पहिल्या दिवशी दारातच ठरतं. दारातून काय आत घ्यायचं हे आपण ठरवलं नाही, तर पुढं पाणी आपलं जाईल, वीज आपली जाईल आणि मेहनतही आपलीच जाईल.

दिवाळीच्या आसपास पाड्यांवर गाड्या येतात, हे तुम्हाला माहीत आहे. येणारी माणसं वाईट नसतात. सुट्टीचा दिवस मोडून, सावळघाट चढून येतात. पण गाठोडं सोडलं की काय निघतं? मी एका पाड्यावर स्वतः पाहिलं. चांगल्या साड्या आणि लहान मुलांचे कपडे पाच मिनिटांत संपले. मागं राहिलं ते बघा: चेन तुटलेल्या पँटी, खांद्याला फाटलेले ब्लाऊज, लग्नात एकदाच घालायचे टिकल्यांचे झगे, वापरलेले आतले कपडे, आणि एकाच पायाची चप्पल. गाडी परत गेली, ढीग शाळेच्या मागं राहिला. थोडा वाऱ्यानं ओहोळात गेला, थोडा कोणीतरी पेटवला. देणाऱ्याला वाटलं, आपण दान केलं. पाड्याच्या वाट्याला मात्र साफसफाई आली.

हे काही पेठपुरतंच नाही. इंग्लंडमध्ये गावोगावी 'चॅरिटी शॉप' असतात. लोक जुन्या वस्तू फुकट देतात, संस्था त्या स्वस्तात विकते आणि त्या पैशातून समाजाचं काम करते. ऑक्सफॅम या संस्थेनं ऑक्सफर्ड शहरात १९४०च्या दशकाच्या शेवटी असं दुकान काढलं. आज त्या देशात अशी हजारो दुकानं आहेत. कल्पना चांगली आहे, आपल्या मनात आहे तशीच. पण तिथंही जे विकलं जात नाही त्याचं काय करायचं, हा प्रश्न पहिल्यापासून आहे. ऑक्सफॅमनं १९७४ मध्ये हडर्सफिल्ड या गावी 'वेस्टसेव्हर' नावाचं वेगळं केंद्र काढलं, ते न विकलेले कपडे निवडण्यासाठीच. कारण न विकलेल्या मालाला जागा लागते, माणूस लागतो, आणि शेवटी फेकायलाही पैसे मोजावे लागतात.

श्रीमंत देशांत जे खपत नाही त्यातलं बरंचसं गाठोडी बांधून गरीब देशांत जातं. आफ्रिकेत घाना नावाचा देश आहे. तिथं अक्रा शहरात कांतामांतो हा जुन्या कपड्यांचा फार मोठा बाजार आहे. हजारो लोकांचं पोट त्यावर चालतं. पण गाठोडं फोडल्यावरच कळतं आत काय आहे. खराब निघालं तर पैसे विकणारीचे बुडतात, आणि तो माल शहराच्या गटारांत आणि समुद्रकिनाऱ्यावर जातो. म्हणजे लंडनचा नको झालेला कपडा अक्राला, आणि नाशिक-मुंबईचा नको झालेला कपडा आपल्या पाड्याला. रस्ता वेगळा, रीत तीच.

आपल्या देशातलंही एक उदाहरण सांगते. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून कपडे गेले. पण कोणी विचारलंच नाही की तिथल्या बाया काय नेसतात, तिथली हवा कशी आहे. न चालणारे कपडे रस्त्याच्या कडेला ढिगानं पडून राहिले. दिल्लीच्या गूंज संस्थेनं ते उचलून निवडायचं काम हाती घेतलं. ही संस्था अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केली, आणि २०१५ मध्ये त्यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातलं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे: घेणाऱ्याला काय हवं ते आधी विचारायचं, मग पाठवायचं.

तर आपणही दारात तीन प्रश्न ठेवू.

पहिला प्रश्न, आपल्याकडं हे कोण घालेल? नाव डोळ्यांसमोर आलं तर घ्यायचं. आपल्या बाया दिंडोरी-निफाडकडं द्राक्षाच्या कामाला जातात. तिथं साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट लागतो, उन्हाला आणि फवारणीला. थंडीत स्वेटर लागतो, मुलांना कानटोपी लागते. सुती साडी, चादर, मजबूत पँट, शाळेचं दप्तर, लहान मुलांचे कपडे, हे सगळं हवंच आहे. टिकल्यांचा झगा आणि उंच टाचेची चप्पल मात्र नको.

दुसरा प्रश्न, हे जसं आहे तसं वापरता येईल का? एखादं बटण तुटलं असेल, शिवण उसवली असेल तर चालेल, दहा मिनिटांत होतं. फाटलं, विरलं, डागाळलं असेल तर देणाऱ्याच्याच घरी राहू दे. आतले वापरलेले कपडे कधीच घ्यायचे नाहीत. आपल्या लेकीला आपण जे घालायला देणार नाही, ते दुसरीच्या लेकीला विकायचं नाही.

तिसरा प्रश्न, हे धुऊन, वाळवून आलं आहे का? ताई, हा प्रश्न सगळ्यांत मोठा आहे. दुकान आपलं, म्हणून धुणंही आपलं, असं सहज गृहीत धरलं जाईल. एका साडीला धुवायला आणि खंगाळायला एक हंडा पाणी धरलं, तरी शंभर साड्यांना शंभर हंडे होतात. मार्च उजाडला की आपल्या कितीतरी गावांत टँकरची वाट बघावी लागते. पावसाळ्यात एवढा पाऊस पडतो, आणि उन्हाळ्यात बाई हंडा घेऊन झऱ्यावर रात्र काढते. त्या पाण्यानं शहराचे कपडे धुवायचे? ज्या घरी नळ आहे, मशीन आहे, तिथंच ते धुतले जावेत. धुणं पाण्याकडं राहू द्या, पाण्याला धुण्याकडं आणू नका.

यावर काही जणी विचारतील, 'मग जुने कपडे वापरून पाणी वाचतं असं म्हणतात ते काय?' ते खरं आहे. कापूस पिकवण्यापासून शिवण्यापर्यंत एका सुती टी-शर्टला सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. तो टी-शर्ट अजून दोन-तीन वर्षं कोणी घातला तर तेवढ्या दिवसांत नवा घ्यावा लागत नाही. म्हणून जुनं वापरणं चांगलंच. पण तो कोणी घातला तरच. नुसता आणून फळीवर ठेवला तर वाचलं काहीच नाही, उलट गाडीचं डिझेल गेलं.

आता तुमच्या मनातली भीती मला माहीत आहे. नको म्हटलं तर देणारे येणं बंद होतील. दाराशी आलेल्याला नाही कसं म्हणायचं? त्यासाठी नाही म्हणायची वेळच येऊ द्यायची नाही. आधीच यादी पाठवायची. व्हॉट्सअॅपवर एवढाच निरोप: 'ताई, दादा, तुमची मदत आम्हाला हवी आहे. आत्ता आमच्याकडं पूर्ण बाह्यांचे शर्ट, सुती साड्या, स्वेटर आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे कपडे लागतात. कृपया धुऊन, घडी करून, वेगवेगळ्या पिशव्यांत भरून द्या. फाटलेले आणि आतले कपडे देऊ नयेत.' ज्याला मनापासून द्यायचं आहे त्याला हे वाचून बरंच वाटतं. त्यालाही कळत नसतं काय द्यावं. आणि ज्याला फक्त कपाट रिकामं करायचं आहे, तो आला नाही तर आपलं काही जात नाही.

गाडीबद्दलही एक गोष्ट. दहा पिशव्यांसाठी वेगळा टेम्पो करायचा नाही. भाजी घेऊन नाशिकला गेलेली पिकअप रिकामी परत येते. तिच्यात यायची व्यवस्था करा. नाशिकमध्ये एकाच ओळखीच्या घरी माल जमा होऊ द्या, आणि भरगच्च झाला की एकदम आणा.

आता विजेकडं येते. खोलीला मीटर घेतलं की ते घरगुती नसेल, व्यापारी असेल, आणि व्यापारी दर घरापेक्षा जास्त असतो. म्हणून हिशेब नीट समजून घ्या. १,००० वॉटचं उपकरण एक तास पूर्ण चाललं की एक युनिट जळतं. इस्त्री साधारण १,००० वॉटची असते. ९ वॉटचा एलईडी बल्ब एका युनिटमध्ये १११ तास चालतो. म्हणजे एक तासाची इस्त्री आणि जवळजवळ पाच दिवस-रात्र सतत चालणारा बल्ब यांचा खर्च सारखाच. इस्त्री तापली की मधून मधून आपोआप बंद होते, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी जळेल, पण अंदाजाला एवढं पुरे. रोज तीन तास इस्त्री केली आणि दुकान महिन्याला २५ दिवस उघडलं, तर ७५ युनिटपर्यंत बिल जाईल. तोच बल्ब रोज आठ तास लावला तर महिन्याला दोन युनिटही होत नाहीत.

म्हणून बिल कमी करायचं तर बल्ब विझवत बसू नका, आधी इस्त्रीकडं बघा. सगळ्या कपड्यांना इस्त्री लागतच नाही. वाळत घालताना झटकून, ताणून घातला आणि नीट घडी करून वर वजन ठेवलं, तर रोजच्या वापराचा कपडा चांगला दिसतो. लग्नाकार्याची साडी, मुलाच्या मुलाखतीचा शर्ट, यांनाच इस्त्री. आणि तीही आठवड्यातून एकदा, सगळे एकत्र. प्रत्येक वेळी नव्यानं इस्त्री तापवण्यात वीज वाया जाते. शेवटी बंद करून उरलेल्या उष्णतेवर लहान मुलांचे कपडे होतात.

पंख्याचंही सांगते. जुना छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो. नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज सहा तास, २५ दिवस धरले तर एकाला सव्वाअकरा युनिट, दुसऱ्याला साडेचार. पंखा घ्यायचाच असेल तर असा घ्या. उजेडासाठी मात्र पत्र्यामध्ये एक पारदर्शक पत्रा बसवला आणि विकायचं टेबल दाराशी ठेवलं, तर दिवसा दिव्याची गरज फारशी पडणार नाही. वीज गेली तरी दुकान चालू राहील, आणि आपल्याकडं पावसात वीज किती जाते ते मी सांगायला नको. कपड्याचा खरा रंगही उजेडातच कळतो, गिऱ्हाईक फसत नाही.

पावसाळा हा आपल्या दुकानाचा मोठा शत्रू. एक ओलसर पिशवी दहा कपड्यांना बुरशी लावते. म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत नवा माल घ्यायचा नाही, असलेलाच विकायचा. माल जमिनीवर आणि भिंतीला लावून ठेवायचा नाही, लाकडी फळ्यांवर ठेवायचा. कडुनिंबाचा वाळलेला पाला मध्ये घालायचा, आणि ऊन पडलं की एक दिवस सगळं बाहेर काढायचं. ऊन फुकट आहे, त्याला मीटर नाही.

दारात कितीही निवडलं तरी काही माल उरणारच. त्यासाठी सोपी खूण. ज्या महिन्यात कपडा आला, त्या महिन्याच्या रंगाचा दोरा त्याला बांधायचा. कार्तिकात लाल, मार्गशीर्षात हिरवा, असं ठरवून घ्या. दोन महिन्यांत गेला नाही तर किंमत अर्धी. तीन महिन्यांत गेला नाही तर तो फळीवरून खाली आणि शिवणकामाच्या टोपलीत. लिहिता-वाचता न येणारी आजीसुद्धा दोरा बघून सांगेल, हा जुना झाला.

टोपलीतल्या कपड्याचं काय करायचं, हे तुम्हाला शिकवायची मला गरज नाही. आपल्या आज्यांनी कापड कधी फेकलंच नाही. लुगडं विरलं की त्याची गोधडी झाली, गोधडी विरली की पोतेरं. तीच रीत आपण हिशेबानं चालवू. सुती साड्या गोधडीला. जाड चादरी आणि जीन्स पिशव्यांना. प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी बाजारात त्या दिसतातच. आपल्या दुकानातून जाणारा प्रत्येक कपडा आपण शिवलेल्या कापडी पिशवीतच जावा. उरलेल्या सुती चिंध्या यंत्रं पुसायला गॅरेजवाले आणि कारखानेवाले किलोवर घेतात. सातपूर-अंबडला आधी भाव विचारून मगच साठवा. बटणं, हूक, चेन काढून बरणीत ठेवा, दुरुस्तीला लागतात.

पण सुती कोणतं आणि सिंथेटिक कोणतं, हे ओळखता आलं पाहिजे. कडेचा एक धागा काढा, उघड्यावर, चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं, काळा धूर येतो आणि टोकाला कडक मणी होतो. तो मणी म्हणजे प्लास्टिक. म्हणून कळकळीनं सांगते, असल्या चिंधीनं चूल पेटवू नका. सकाळच्या घाईत हाताशी येते ती चिंधी आपण लावतो, आणि धूर सगळ्यांत आधी आपल्या आणि कडेवरच्या बाळाच्या नाकात जातो. दुकानाचा उरलेला माल तर कधीच पेटवायचा नाही. घनकचऱ्याच्या नियमांतही उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे.

आता किमतीचा मुद्दा. काही जणी म्हणाल्या, 'फुकट मिळालेलं आपल्याच बायांना विकायचं, हे बरं दिसेल का?' मला वाटतं, बरं दिसेल. फुकटच्या ढिगात बाई दोन्ही हातांनी उचलते, कारण पुन्हा मिळेल की नाही ठाऊक नसतं. घरी गेल्यावर त्यातलं निम्मं पडून राहतं. वीस रुपये मोजायचे असले की ती उजेडात धरते, शिवण बघते, अंगाला लावून बघते, आणि नाही आवडलं तर परत ठेवते. परत ठेवायचा हक्क फुकटात मिळत नाही. बोहारीण दाराशी आली की आपण कशी घासाघीस करतो? 'एवढ्या साड्यांना एवढंच पातेलं?' तिथं आपल्याला लाज वाटत नाही, कारण तो व्यवहार असतो. दोघी बरोबरीच्या असतात.

आणि जिच्याकडं वीस रुपयेही नाहीत तिचं काय? गूंजची एक पद्धत आहे, गावानं स्वतः ठरवलेलं श्रमदानाचं काम करायचं आणि त्याचा मान म्हणून कपडे घ्यायचे. आपल्याकडं वनराई बंधारे घालायचे असतात, विहिरीतला गाळ काढायचा असतो. त्या कामाला आलेल्या बाईनं दुकानातून आपल्या पसंतीचा कपडा न्यावा. पण म्हाताऱ्या, आजारी आणि एकट्या बाईला काम मागायचं नाही. ते गटानं ओळखून, गाजावाजा न करता द्यायचं, आणि फोटो काढायचा नाही.

शेवटची गोष्ट वहीची. दुकानाची विक्री तर आपण लिहूच. त्याच पानावर अजून चार रकाने आखा: किती नग आले, किती विकले, किती शिवणाला गेले, किती फेकावे लागले. मासिक सभेत लेखापाल ताईंनी विक्रीच्या आधी शेवटचा आकडा वाचावा. शंभरात पाच फेकले तर दार नीट सांभाळलं. शंभरात तीस फेकले तर कितीही पैसे जमले असले तरी आपण दुसऱ्याचा कचरा वाहतो आहोत, असं समजावं आणि त्या महिन्यात माल घेणं थांबवावं.

तर सभेपुढे मी ठराव असा मांडते. दुकान दिवाळीनंतर सुरू करावं, पहिले सहा महिने एकाच खोलीत. दारावर निवड करायला प्रत्येक ग्रामसंघातून आळीपाळीनं दोघी जणी याव्यात, आणि त्यांना त्या दिवसाचं मानधन दुकानाच्या पैशातून मिळावं, कारण निवडणं हे काम आहे, फावल्या वेळातली सेवा नाही. न धुतलेला माल घेऊ नये. आणि या दिवाळीला तुमच्या पाड्यावर गाडी येणार असेल, तर ती निघायच्या आधी वरची यादी त्यांना पाठवावी. गटाच्या पुढच्या बैठकीत यावर बोला. कोणते कपडे लागतात ते तुमच्या पाड्याचं तुम्हीच लिहा, माझी यादी अपुरी असणार. ठराव होवो वा न होवो, यादी मात्र महिनाअखेरपर्यंत माझ्याकडं द्या.